प्रवेश मिळाला, पण ती कॉलेजात गेलीच नाही

ताई,

मी नोकरी करतो आणि गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी एका संस्थेच्या उपक्रमात मेंटॉर म्हणून जातो. घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, कमाई बेताची, अशी मुलं आमच्याकडे येतात. आम्ही त्यांचा अभ्यास घेतो, प्रवेश परीक्षेची तयारी करून घेतो, कॉलेज दाखवायला नेतो, यशस्वी लोकांची भाषणं ठेवतो.

या वर्षी माझ्याकडे एक मुलगी होती. अबोल, पण गणितात अशी की तिचं उत्तर तपासायला मलाच वेळ लागायचा. तिला चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मंजूर झाली. संस्थेने तिचा फोटो भिंतीवर लावला. मग सुट्टी लागली, मीही कामात अडकलो. कॉलेज सुरू होऊन दहा दिवस झाल्यावर कळलं की ती गेलीच नाही, कुठेतरी हिशेबाच्या कामाला लागली. माझे फोन उचलत नाही. एकदा आईने उचलला. म्हणाली, "आता तिचं ठरलंय. तुम्ही खूप केलंत."

ते "खूप केलंत" डोक्यातून जात नाही. खरं सांगायचं तर मला तिचा रागही आला. माझ्या घरी सगळेच शिकलेले. कॉलेजला जायचं की नाही हा प्रश्नच आमच्याकडे कधी आला नाही, त्यामुळे हातात आलेलं कुणी असं कसं सोडतं ते मला समजत नाही. माझं काय चुकलं? तिच्या घरी जाऊ का? आणि पुढच्या वर्षी आम्ही काय बदलायला हवं? आमच्या समन्वयक म्हणतात, मुलांची जिद्द कमी पडते, प्रेरणेची सत्रं वाढवू या.

एक मेंटॉर

•

तुमचं पत्र वाचताना मी आधी दिवस मोजले. दहा दिवसांनी तुम्हाला कळलं, मग तुम्ही फोन केलेत, मग पत्र लिहिलंत. म्हणजे धरून चालू की दोन-तीन आठवडे गेले. अजून सगळं हातातून गेलेलं नसेल. म्हणून कुणाचं काय चुकलं ते नंतर, आधी घाईचं काम.

पहिला फोन तिला करू नका, कॉलेजला करा. प्रवेश विभागाला विचारा, उशिरा रुजू होण्याची शेवटची तारीख कोणती. ती उलटली असेल तर प्रवेश पुढच्या सत्रासाठी किंवा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येतो का, आणि तसा अर्ज कुणाकडे द्यायचा. शिवाय प्रवेश पुढे ढकलला तर शिष्यवृत्ती टिकते की पुन्हा पहिल्यापासून अर्ज. मुलीचं नाव न घेता हे सगळं विचारता येतं. पहिल्या दिवशी गेलं नाही म्हणजे जागा गेली, असं बहुतेक मुलं धरून चालतात. पुष्कळ ठिकाणी तसं नसतं, पण हे आपणहून कुणी सांगायला येत नाही.

उत्तरं हातात आली की तिला मेसेज करा. फोन नको. फोन उचलला की लगेच काहीतरी बोलावं लागतं, आणि तुमच्याशी काय बोलायचं हे तिला आत्ता माहीत नाही, म्हणून तर ती उचलत नाही. मेसेज ती एकटी असताना वाचेल, दोन दिवसांनी परत उघडेल. त्यात "का गेली नाहीस?" लिहू नका. अशा वेळी "का" हा शब्द कितीही मऊ आवाजात विचारला तरी चौकशीसारखाच लागतो. "मी रागावलो नाहीये" हेही लिहू नका. तुम्ही रागावला होतात, आणि मुलांना हे बरोबर कळतं. साधं लिहा: "कॉलेजला विचारलं. अमुक तारखेपर्यंत रुजू होता येतं, नाहीतर प्रवेश पुढच्या सत्रासाठी ठेवता येतो. कुठला कागद, फी किंवा मेल अडला होता का? असेल तर मी सोबत बसतो. आणि कामच करायचं ठरवलं असशील तर तेही सांग, आपली ओळख त्याने संपत नाही."

शेवटचं वाक्य टाकायला विसरू नका. तुमचा संबंध आपल्या मार्कांशी आणि प्रवेशाशीच होता, अशी तिची समजूत झाली असण्याची शक्यता दाट आहे.

घरी न विचारता जाऊ नका. बोलावलं तर जा, आणि गेलात तर आधी आईशी बोला. "तुम्ही खूप केलंत" हे तुम्हाला दार लावून घेतल्यासारखं लागलं. मला त्यात संकोच ऐकू येतो. आपल्या मुलीसाठी परक्या माणसाने आपल्या सुट्ट्या घालवल्या आणि आपण त्याला काय दिलं, असा. त्या संकोचावर उपाय एकच: तिच्या आईकडून काहीतरी शिकायला जा. घरचा महिन्याचा हिशेब कसा बसतो ते त्यांना विचारा, आणि ऐका. मध्ये बोलू नका.

आता तुमच्या रागाबद्दल. प्रवेश मिळालेला, जायचं नक्की ठरलेलं, आणि कॉलेजच्या पहिल्या दिवशी मूल हजर नाही, ही गोष्ट इतकी सर्रास घडते की अमेरिकेत तिला नावच पडलं आहे: 'समर मेल्ट'. शाळा संपल्यावरच्या उन्हाळ्यात मुलं बर्फासारखी विरघळून जातात. बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज या दोन अभ्यासकांनी तिथे याचा पाठपुरावा केला. कॉलेजला जायचं ठरवलेल्या मुलांपैकी ठिकठिकाणी 10 ते 40 टक्के मुलं शरदात, म्हणजे तिथलं सत्र सुरू होताना, कुठल्याच वर्गात सापडत नाहीत, असं त्यांना आढळलं. गरीब घरातल्या मुलांत हे प्रमाण जास्त. परीक्षा, अर्ज, निवड या सगळ्या चाळण्यांतून पार झालेली मुलं ही. जिद्द नसती तर ती इथवर आलीच नसती, एवढं तुमच्या समन्वयकांना माझ्या वतीने सांगा.

मग होतं काय? त्या दोन-अडीच महिन्यांत मूल कुणाचंच नसतं. शाळेने हात सोडलेला, कॉलेजने अजून धरलेला नाही, आणि तुमच्यासारखे मेंटॉर मोहीम फत्ते झाली म्हणून आपापल्या कामाला लागलेले. नेमक्या याच काळात कागदांचा पाऊस पडतो. वसतिगृहाचा अर्ज वेगळा, त्याची अनामत वेगळी. लसीकरणाचा दाखला. विषय निवडायची लिंक, आणि ती तीनच दिवस चालू. शिष्यवृत्ती "मंजूर" असते, पण "जमा" झालेली नसते, आणि मधल्या काळात पहिला हप्ता स्वतः भरायचा असतो. शिकलेल्या घरात या प्रत्येक गोष्टीला कुणीतरी म्हणतं, "हे असंच असतं, दे इकडे." आई म्हणते, काका म्हणतो, दोन वर्षांनी मोठी मावसबहीण म्हणते. तुमच्याकडे तो प्रश्न कधी आला नाही, असं तुम्ही लिहिलंय. प्रश्न आले असणार. ते तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी घरातल्या कुणा जाणत्या माणसाने परस्पर निकालात काढले, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागला नाही.

असे उपक्रम मुळात काय करतात असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन: ज्या घरात हे जाणतं माणूस नाही तिथे ते उसनं देतात. शिकवणी, कॉलेजची सहल, मुलाखतीची तालीम, हे सगळं ठीकच. पण शिकवणीचा मास्तर निकालानंतर थांबला तर चालतं, जाणतं माणूस थांबून चालत नाही.

मी बारा वर्षं एका कॉलेजच्या विद्यार्थी मदत कक्षात काढली. एका वर्षी सत्र सुरू होऊन आठवडा उलटल्यावर एक मुलगी आली. ती प्रवेशासाठी आलीच नव्हती. शाळेच्या दाखल्याची मूळ प्रत परत मागायला आली होती, कारण दुसरीकडे नोकरीला ती लागणार होती. मी यादी उघडली तर तिचं नाव जिवंत. म्हटलं, तुझा प्रवेश आहे की. तिने मान हलवली, फोन काढला, काच तडकलेली, आणि एक मेल उघडून माझ्यासमोर धरला. त्यात लिहिलं होतं की वैद्यकीय दाखला अपलोड न केल्यामुळे तुमची नोंदणी 'होल्ड'वर ठेवण्यात आली आहे. मेल पाच आठवड्यांपूर्वीचा. तिने होल्डचा अर्थ "प्रवेश रद्द" असा लावला होता. दाखला तिच्या पिशवीतच होता, घडी घातलेला. आम्ही तो तिथेच स्कॅन केला, एक बटण दाबलं, होल्ड निघाला. फार तर चार मिनिटं लागली असतील.

मला आठवतंय ते त्यापुढचं. आनंद होण्याऐवजी ती घाबरली, कारण घरी तिने सांगून टाकलं होतं की आपला नंबर लागला नाही. "होल्ड म्हणजे काय ते मला कळलं नाही" असं सांगण्यापेक्षा "मी नापास झाले" हे सांगणं तिला सोपं वाटलं होतं. पाच आठवडे हे ओझं एकटीने वाहिलं, कुणाला एक शब्द विचारला नाही. विचारलं तर आपण इथल्या नाही हे उघडं पडेल, असं तिने नंतर कधीतरी सांगितलं. तो मेल कुणी लिहिला होता? आमच्याच कार्यालयाने. ते वाक्य वर्षानुवर्षं तसंच जात होतं आणि आम्हा कुणालाच त्यात काही गैर दिसलं नव्हतं.

तुमच्या मुलीचंही असंच काही झालं असेल, असा माझा दावा नाही. तिचं कारण वेगळं असू शकतं. पण मूळ कारण मोठंच असणार, स्वप्न मेलं असणार, घरच्यांनी अडवलं असणार, असं गृहीत धरू नका. आधी कागद तपासा.

आता प्रेरणेच्या सत्रांचा मुद्दा. याबाबत माझं मत जरा कडक आहे, आणि त्याला आधार आहे. अमेरिकेत सरकारी अर्थसाहाय्यासाठी एक अर्ज भरावा लागतो, एफएएफएसए नावाचा, आणि त्यात तेव्हा शंभराहून जास्त प्रश्न असत. चार अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला, तो 2012 साली प्रसिद्ध झाला. कमी उत्पन्नाची कुटुंबं कर विवरणपत्र भरून घ्यायला एच अँड आर ब्लॉक या कर भरून देणाऱ्या कंपनीच्या कार्यालयांत येत. त्यांतल्या काहींना तिथल्या तिथे, करासाठी दिलेलीच माहिती वापरून, हा अर्जही भरून दिला. जास्तीचं काही मिनिटांचं काम. दुसऱ्या गटाला नुसती माहिती दिली: तुम्हाला साधारण इतकी मदत मिळू शकते, अर्ज इथे आहे, जरूर भरा. अर्ज भरून मिळालेल्या घरांतली शाळा संपवणारी मुलं कॉलेजात जाण्याचं प्रमाण 34 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर गेलं. आणि नुसती माहिती मिळालेल्या गटात? काही फरक पडला नाही.

तुमच्या समन्वयकांची प्रेरणेची सत्रं या दुसऱ्या गटापेक्षाही एक पायरी मागे आहेत. त्यांत माहितीही नसते. मी अशी पुष्कळ सत्रं ऐकली आहेत आणि वक्ता मनापासून बोलतो याबद्दल मला शंका नाही. पण समोर बसलेली मुलं जर आधीच दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी अभ्यासाला येत असतील, तर त्यांना जिद्द शिकवणं म्हणजे पोहणाऱ्याला पाण्याची ओळख करून देणं. सभागृहाचा तो खर्च वाचवा आणि सुट्टीत आठवड्यातून दोन दिवस एक टेबल मांडा. टेबलावर एक स्कॅनर, एक चालू इंटरनेट आणि मागे एक माणूस. मुलांनी आलेला प्रत्येक मेल घेऊन यायचं, न समजलेला आणि समजलेलासुद्धा. समजलेला जास्त महत्त्वाचा, कारण माझ्या त्या मुलीलाही मेल समजला आहे असंच वाटत होतं.

मेसेज पाठवून काम भागेल का, असं तुम्ही विचाराल, कारण ते स्वस्त आहे. याची गोष्ट मजेशीर आहे. कॅसलमन आणि पेज यांनी 2012 च्या उन्हाळ्यात मुलांना आठवणीचे मेसेज पाठवून पाहिले: अमुक कागदाची तारीख जवळ आली, अडलं असेल तर उत्तर द्या, समुपदेशक बोलेल. एका मुलामागे खर्च सुमारे 7 डॉलर. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स आणि स्प्रिंगफील्ड या शहरांत, जिथे मुलांना दुसरी मदत फारशी नव्हती, कॉलेजात पोहोचणाऱ्यांचं प्रमाण 7 टक्केबिंदूंच्या आसपास वाढलं. बॉस्टनमध्ये मदत आधीपासूनच भरपूर होती, तिथे काही फरक दिसला नाही. मग हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली गेली, 8 लाखांहून जास्त विद्यार्थ्यांवर, आणि या वेळच्या अभ्यासकांतही कॅसलमन होते. परिणाम शून्य. माझं वाचन असं की पहिल्या प्रयोगात मेसेजच्या मागे मुलांच्या ओळखीच्या जगातला एक माणूस बसला होता आणि "बोलायचंय" म्हटलं की तो बोलत होता. दुसऱ्यात मेसेज होता, माणूस फार लांब होता. तुम्ही त्या मुलीचे मेंटॉर आहात. तुमचा एक मेसेज संस्थेच्या शंभर मेसेजना भारी आहे, आणि सुट्टीत नेमका तोच गेला नाही. तुम्ही "माझं काय चुकलं" विचारलंत म्हणून सांगते: हे चुकलं. एवढंच, आणि ते दुरुस्त होण्यासारखं आहे.

पैशाचं मात्र मेसेजने भागत नाही. "शिष्यवृत्तीही मंजूर झाली" असं तुम्ही लिहिलंत, जणू तो विषय मिटला. शिष्यवृत्तीत काय काय बसतं ते कागदावर मांडून पाहिलंत का? फी बसत असेल. रोजचा प्रवास? पुस्तकं? आणि सगळ्यात मोठा आकडा, जो कुठल्याच अर्जात विचारत नाहीत: ती शिकायला गेली तर घरात न येणारा पगार. एकदा तो पगार यायला लागला की महिन्याभरात घरच्या हिशेबात मुरतो. धाकट्या भावंडाची फी त्यावर ठरते, जुनं देणं त्यातून फिटायला लागतं. मग ती परत शिकायला निघाली तर ते घरातून काहीतरी काढून नेल्यासारखं होतं. म्हणून घाई करा म्हणते.

आणि म्हणूनच आकडा घरच्यांसमोर आधी, स्वच्छ आणि लेखी ठेवावा लागतो. मिशिगन विद्यापीठाने 2015 पासून एक साधी गोष्ट केली. राज्यातल्या हुशार पण कमी उत्पन्नाच्या मुलांना, त्यांच्या पालकांना आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्रं पाठवली: तुला प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, त्यासाठी वेगळे कागद भरायचे नाहीत. गंमत म्हणजे यातल्या बहुतेक मुलांना तेवढी मदत एरवीही मिळालीच असती, पण ती सगळे अर्ज भरल्यावर, शेवटी कळायची. पत्र मिळालेल्यांपैकी 68 टक्के मुलांनी त्या विद्यापीठात अर्ज केला, न मिळालेल्यांत 26 टक्के. प्रत्यक्ष दाखल झाली 27 टक्के, विरुद्ध 12 टक्के. मदत तीच होती, फक्त "मिळू शकेल" चं "मिळेल" झालं. बेताच्या कमाईच्या घरात या दोन क्रियापदांत केवढं अंतर असतं, हे ज्यांनी कधी उधारीवर महिना काढलाय त्यांना सांगायला नको. आणि पत्र पालकांनाही गेलं होतं, तेवढं लक्षात घ्या. एवढ्या काळात तुमच्या संस्थेने तिच्या आईशी किती वेळा बोलणं केलं? सत्कार सोडून.

समजा ती गेली. या सत्राला किंवा पुढच्या. तिथेही मुलं गळतात, आणि तिथेही उपाय असेच, फारसे चमकदार नसलेले. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या सरकारी कॉलेजांत, एएसएपी नावाचा कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थ्याने पूर्ण वेळ शिकायचं आणि आपल्या सल्लागाराला वारंवार भेटायचं. बदल्यात फीची उरलेली रक्कम माफ, पुस्तकांची मदत आणि मेट्रोचा पास फुकट. मला आवडते ती पासची युक्ती: तो दर महिन्याला मिळतो आणि कार्यक्रमात नियमित येत राहिलात तरच मिळतो. पास घ्यायला यायचं म्हणजे कुणाशी तरी बोलणं होतंच, आणि बोलता बोलता अडलेलं बाहेर येतं. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटांची तुलना झाली तेव्हा तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण एरवीच्या 22 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेलेलं दिसलं. अशा क्षेत्रात एवढी झेप क्वचित दिसते. तुमच्या संस्थेला सगळं परवडणार नाही. पण पहिल्या वर्षी प्रवासाचा पास आणि महिन्यातून एक ठरलेली भेट, एवढं जमेल.

आणखी एक, एकटेपणाचं. पॉसी फाउंडेशन ही संस्था 1989 पासून मुलांना दहा-दहाच्या टोळीने एकाच कॉलेजात पाठवते. तिच्या जन्माची कथा अशी सांगतात की कॉलेज सोडून आलेला एक मुलगा म्हणाला, माझी टोळी सोबत असती तर मी सोडलं नसतं. तुम्ही तुमची मुलं जिथे प्रवेश मिळेल तिथे एकेकटी पाठवता. निदान त्यांना त्या कॉलेजातली वरच्या वर्षातली, तशाच घरातून आलेली एक मुलगी गाठून द्या. ती भाषण देणार नाही. पहिल्या चाचणीत आपण कशा आपटलो आणि मग कुणाला जाऊन विचारलं, एवढंच सांगेल. स्टॅनफर्डच्या ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी 2011 साली दाखवलं की "पहिल्या वर्षी आपण इथले नाही असं जवळपास सगळ्यांनाच वाटतं, आणि ते ओसरतं" एवढी गोष्ट तासाभरात नीट पोहोचवली, तर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गुणांवर तीन वर्षांनीही तिचा परिणाम दिसतो. आपटणं हा आपल्या नालायकीचा पुरावा आहे, असं वाटायचं थांबतं.

भिंतीवरच्या फोटोबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मला तो खुपतोय. आता तो काढलात तर शिक्षा केल्यासारखं, ठेवलात तर टोमणा मारल्यासारखं. तिला तुमच्याकडे परत यायचं असेल तर त्या भिंतीसमोरून यावं लागेल. यंदा राहू द्या. पण पुढच्या वर्षीपासून प्रवेशाचे फोटो लावणं बंद करा. लावायचेच असतील तर पहिलं वर्ष संपल्यावर लावा. प्रवेशाचा आकडा देणगीदारांना आवडतो, हे मला माहीत आहे. त्यांना दुसरा आकडा मागायला शिकवा: पहिल्या सत्राच्या शेवटी वर्गात किती होते.

आणि निवड करताना फक्त गणितातल्या हुशार मुलांवर नजर ठेवू नका. अमेरिकेचा अपवर्ड बाउंड हा या जातीचा सगळ्यात जुन्यांपैकी एक सरकारी कार्यक्रम, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या गरिबीविरोधी मोहिमेतून 1965 साली सुरू झालेला. त्याची मोठी तपासणी झाली तेव्हा सगळी मुलं मिळून सरासरी परिणाम किरकोळच निघाला. पण आपण पदवीपर्यंत पोहोचू असं ज्यांना आधी वाटतच नव्हतं, त्या मुलांत तो ठळक होता. अर्जात "तुझं स्वप्न काय" या प्रश्नाला छान निबंध लिहिणाऱ्या मुलाला तुमची गरज कदाचित कमी आहे. ती जागा रिकामी सोडणाऱ्याकडे एकदा बघा.

तिने मेसेजला उत्तर दिलं आणि म्हणाली की मला कामच करायचंय, तर वाद घालू नका. प्रवेश राखून ठेवायच्या अर्जावर मात्र तिची सही मिळते का बघा, कुठलंही वचन न घेता. सही करायला लागत नाही काही, आणि वर्षभराने तिचं मन वेगळं असू शकतं. आठ-पंधरा दिवस उत्तरच आलं नाही तर आणखी एक मेसेज, त्यात कॉलेजचा विषयही काढू नका. गणितातलं एखादं अडलेलं कोडं पाठवा. तुम्हाला खरंच अडलेलं.

कॉलेजला फोन उद्याच करा, सकाळी, कार्यालय उघडताच. दुपारनंतर ती लाइन लागत नाही. बारा वर्षं तिच्या दुसऱ्या टोकाला बसले होते मी.